कादंबरीतला मुराळी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक जुनी कादंबरी होती. जुनी म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची, आणि जाडी एवढी की उशाला घेतली तर मान अवघडेल. होळीनंतर सरांनी ती शिकवायला घेतली आणि पहिल्याच तासाला जाहीर करून टाकलं, "मूळ पुस्तक तुमच्यापैकी एकही जण वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे." सगळे हसले, कारण ते खरंच होतं. गाईड मिळतं. गाईडात अख्खी कादंबरी आठ पानांत उरकते. नायिकेचं लग्न पहिल्या पानावर, मरण आठव्यावर, आणि मधल्या सगळ्या पानांवर 'स्वभावविशेष'. पण मला कोणी "तुझ्यानं होणार नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना हे माहीत आहे आणि सगळे त्याचा फायदा घेतात. सरांनीही घेतला असावा. मी त्याच दिवशी लायब्ररीतून ते पुस्तक काढलं आणि शहाद्याहून गावापर्यंत एसटीत मांडीवर घेऊन, जरा मिरवतच आणलं.

पहिलं वाक्य संपेना. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या जोडट्रॉल्या असतात ना, एकीमागे दुसरी, तशी त्या लेखकाची वाक्यं. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि सगळं पुढे सरकेपर्यंत वाट पाहायची. क्रियापद शेवटच्या ट्रॉलीत. समासात आधीच्या कुणी मुलीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. नायिका ढसाढसा रडते त्या पानावर 'आयएमपी, मागच्या वर्षी आलं होतं'. मी रडू की हसू, कळेना. पण चार-पाच दिवसांत एक गंमत झाली. मला ती वाक्यं आवडायला लागली. एकदा दम धरायला शिकलं की त्यांच्यात झोका असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी घरात मोठ्यानं वाचायला लागले. म्हशीसमोर वाचलं. आरशासमोर वाचलं. आई म्हणाली, पोरीला ऊन लागलं.

तेवढ्यात पापडांची पाळी आली.

आमच्याकडे चैत्रात गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकमेकींकडे पापड लाटायला जातात. आज आमच्याकडे, उद्या समोरच्या काकूंकडे, परवा आणखी कुणाकडे. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. जिच्याकडे पापड, तिनं पीठ कुटून ठेवायचं आणि चहा पाजायचा. सकाळी लवकर बसायचं, आणि पंखा बंद ठेवायचा, कारण वाऱ्यानं लाट्या वाळतात. घामाच्या धारा लागतात आणि तोंडं मोकळी असतात. अशा ठिकाणी जे बोललं जातं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मला पापड लाटता येत नाही. येत नाही म्हणजे माझा पापड एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं भोक. पहिल्या दिवशी आईनं तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. काकू म्हणाल्या, "हाई पोरना हातमा लाटणं नको दिऊ. तिले तिनी पोथी वाचू दे." पोथी म्हणजे माझी कादंबरी. सगळ्या हसल्या. मी उठले, हात धुतले, पुस्तक आणलं आणि ठसक्यात सुरुवात केली.

सगळं पुस्तक प्रमाण मराठीत, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या. आमच्या ओसरीत चालते अहिराणी. मी एक परिच्छेद वाचायची आणि मग आमच्या बोलीत सांगायची. दुसऱ्या दिवसापासून वाचणं कमी आणि सांगणं जास्त झालं. कारण प्रश्न! सरांनी वर्षभरात विचारले नसतील इतके प्रश्न. नायिका सासरी आली, लेखकानं तिच्या मनाचं तीन पानं वर्णन केलं. काकू म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. त्या दिन भाजी काय करेल व्हती?" मी पानं चाळली. भाजी नव्हती. अख्ख्या कादंबरीत सासू सुनेला छळते, पण कशावरून, मीठ जास्त झालं की भाकरी करपली, याचा एका ओळीनं पत्ता नाही. बायकांना तो लेखक थोडा कच्चा वाटला. मी त्याची बाजू घेऊन भांडले. भांडता भांडता मला जाणवलं की मी त्या माणसाची बाजू घेते आहे, म्हणजे तो मला आवडलाय.

वहिनी मात्र प्रश्न विचारायची नाही. ती माझ्या मोठ्या भावाची बायको. खापर गावाच्या अलीकडचं तिचं माहेर, बारावीपर्यंत शिकलेली, आणि गल्लीत पापड सगळ्यांत पातळ तिचा. ती खाली मान घालून लाटायची आणि ऐकायची. वहिनीचं एक दुखणं सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि ओसरीत त्यावर कुणी बोलत नव्हतं. ते असं की दोन आखाज्या झाल्या, तिला न्यायला माहेरचं कुणी आलं नव्हतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेत असतील. आमच्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी असतात. लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खातात, आणि सासरच्यांना गाण्यांतून मनसोक्त नावं ठेवतात. पण लेकीनं आपलं आपण जायचं नाही. भावानं न्यायला यायचं. त्या न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. आणि वहिनीच्या भावाचं आणि माझ्या भावाचं एका लग्नात फाटलं होतं. कारण सांगायची लाज वाटते, पण सांगते. वहिनीच्या चुलतबहिणीच्या लग्नात पाहुण्यांना टोपी-टॉवेल देऊन मान करत होते, त्यात माझ्या भावाचं नाव राहून गेलं. झालं. जावईबापू न जेवता निघाले. तेव्हापासून हे म्हणतात, त्यांनी यावं. ते म्हणतात, यांनी यावं. दोघेही गडी एरवी शहाणे. फोन रोज व्हायचा, वहिनी तिच्या आईशी तासभर बोलायची. पण आखाजीला फोनवरून माहेरी जाता येत नाही.

तर कादंबरीत नायिका सासरच्या खिडकीत बसून रस्त्याकडे बघते, ते प्रकरण आलं. लेखकानं रस्ता, धूळ, सांजवेळ, सगळं मन लावून लिहिलं आहे. मी वाचून थांबले. काकूंचं लाटणंही थांबलं.

"आखाजी ई लागनी. तिले लेवाले कोण उनं?"

मी म्हटलं, तिला न्यायला कुणी नाही आलं.

"कुणी नहीं कसं? भाऊ शे ना तिले? तू सोमवारले वाचं व्हतं. तिना भाऊ काय करी ऱ्हायना?"

भाऊ होता. दुसऱ्या प्रकरणात होता, नंतर लेखक त्याला विसरून गेला होता. मी तसं सांगणार होते. पण माझी नजर वहिनीकडे गेली. ती लाटत होती, आणि पापड फाटला होता. वहिनीचा पापड मी कधी फाटलेला पाहिला नव्हता. तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "भाऊ निघाला घरून. बैलगाडी जुंपली त्यानं."

ओसरीत जो काही आनंद झाला! काकूंनी कपाळाचा घाम पुसला. कुणी म्हणालं, चहा टाका. मला तर गुदगुल्या झाल्यासारखं झालं. शंभर वर्षांपूर्वीचा एवढा मोठा लेखक, आणि त्याच्या पुस्तकात मी बैलगाडी घुसवली होती, कुणालाही न विचारता. त्या दिवशी मी जेवताना एकटीच हसत होते.

पण निघालेला माणूस पोहोचावा लागतो. हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं. ओसरीत बसते न बसते तोच विचारणा, कुठवर आला? आता मूळ कादंबरी घडते पुण्याकडे कुठंतरी. पण मला पुण्याकडचे रस्ते काय माहीत? मी त्याला आमच्याच रस्त्यानं आणला. दोंडाईच्याहून सारंगखेड्याच्या पुलावर आणला आणि तिथं वेळ काढायला घोड्यांच्या यात्रेत उभा केला.

"घोडास्नी जत्रा ते थंडीमा ऱ्हास," काकू म्हणाल्या. "चैत्रमा तठे काय करी ऱ्हायना तो?"

मी घाईघाईनं त्याला यात्रेतून काढला. मग बैलाचा पाय मुरगळला. मग गाडीचा आस मोडला. मग एका ओळखीच्या घरी त्याला जेवायला बसवलं, आणि इथं मात्र मी भाजी कोणती ते सांगायला विसरले नाही. बायका जाम भडकल्या. असा कसा मंद माणूस, म्हणे, बहीण तिकडं वाट बघतेय आणि हा वांग्याचं भरीत खातोय. एक बाई तर म्हणाली की आपलाच कुणी पाठवा त्याला ढकलायला. मी इतकी रंगात आले होते की मधूनच खरी कादंबरी वाचायची विसरून जायची. खरी नायिका तिकडं आजारी पडली होती. गाईडाचं आठवं पान मला पाठ होतं. भाऊ येत नाही. कुणीच येत नाही. ती वाट बघत बघत मरते.

आणि वहिनी. ती ओसरीत अजूनही काही विचारायची नाही. पण दुपारी भांडी घासताना, किंवा गच्चीवर पापड उलटवताना, हळूच माझ्याजवळ यायची. आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावं लागायचं.

"कोठलगून उना तो?" कुठवर आला तो?

पहिल्यांदा मी मजेत सांगितलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ती कादंबरीतल्या भावाची वाट बघत नव्हती. आणि मी त्याला भरीत खाऊ घालत बसले होते. मी तिला म्हटलं, "जवळ आला वहिनी, अगदी जवळ." ती खूश होऊन गेली. त्या संध्याकाळी मी माझ्या भावाशी भांडले. म्हटलं, एका टॉवेलासाठी तू तिला किती वर्षं बसवून ठेवणार? तो म्हणाला, टॉवेलाचा प्रश्न नाही. मी विचारलं, मग कशाचा आहे? तो म्हशीला पाणी पाजायला गेला. आई म्हणाली, "कुणी न्यायला आलं नाही तर मी तरी सुनेला कशी पाठवू? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे ओसरीत बसणाऱ्या त्याच सगळ्या बायका, ज्या रोज त्या बैलाला शिव्या घालत होत्या. मी हे आईला सांगितलं. तीही म्हशीकडे गेली.

पापडांची शेवटची पाळी परत आमच्याकडे होती, उरलेल्या पिठाची. आखाजी आता तोंडावर आली होती. मी रात्रीच ठरवलं होतं की काय व्हायचं ते होवो, भाऊ आज दारात उभा करायचा. नायिकेला गाडीत बसवायचं आणि पुस्तक मिटायचं. लेखक वर असेल तर त्यानं मला माफ करावं. मी पुस्तक शोधायला गेले तर ते जागेवर नव्हतं. ओसरीत आले तर ते वहिनीच्या हातात होतं. तिचं लाटणं बाजूला पडलं होतं.

"आज मी वाचते," ती म्हणाली.

तिनं ते आदल्या दुपारी, मी झोपलेली असताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं होतं. पूल शोधला, यात्रा शोधली, कुठंच बैलगाडी नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त इतकंच दिसलं की ती शेवटचं प्रकरण उघडून बसली आहे. तिनं वाचायला सुरुवात केली. काय वाचते ती! मला हेवा वाटला. त्या लांबलचक वाक्यांत ती कुठंही अडखळली नाही, आणि मध्ये अहिराणीत काहीच सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. नायिकेचा ताप, खिडकी, रिकामा रस्ता, मग खिडकी लावून घेणारा कुणाचा तरी हात. संपलं.

लाट्या वाळत होत्या.

मग काकूंनी माझ्याकडे मान वळवली. "आणि भाऊ? तो पूलवर व्हता ना?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "तो मी घातला होता. पुस्तकात तो नाहीच."

मला वाटलं, आता लाटणी उडतात. पण काकू एकदम उसळल्या त्या माझ्यावर नाही, लेखकावर. "त्या लेखकले बहीण नव्हती का वं? तुन्हा भाऊ निदान घरथून निंघना तरी व्हता!" मग जो गोंगाट झाला तो मला लिहिता येणार नाही. कुणी त्या सासूला धरलं, कुणी नवऱ्याला. कुणी म्हणालं की मेली कशाला, निघून यायचं ना. "यस्टी बंद व्हती का?" मी सांगितलं, शंभर वर्षांपूर्वी एसटी नव्हती. त्यावर काकू म्हणाल्या, "पाय ते व्हतात ना!"

वहिनी हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला तिचे पिठाचे हात पुरेनात. तिचं हसू बघून आम्ही सगळ्या हसायला लागलो, कुणाला कारण माहीत नसताना. ते ओसरलं तशी तिनं पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

"सकाय मी जास," ती म्हणाली. उद्या मी जाते.

"कोण उनं?" आईनं विचारलं.

"कोणी नहीं. मी मन्ही जास." माझी मी जाते.

गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका माझ्या आईकडे बघत होत्या. आईनं एक लाटी उचलली, ती लाटायला घेतली, आणि लाटता लाटताच म्हणाली, "मग रिकाम्या हातानं नको जाऊ. माझ्याकडून पापड ने." संध्याकाळी तिनं डबा भरला तेव्हा मी बघत होते. वहिनीनं लाटलेलेच पापड आई निवडून निवडून भरत होती. भावाला काहीतरी बोलायचं होतं. तो दोनदा दारापर्यंत आला, पण डबा बघून परत गेला. सकाळी मात्र बॅग त्यानंच फाट्यापर्यंत मोटरसायकलवर नेऊन ठेवली आणि आम्ही चालत पोहोचायच्या आत निघून गेला.

सोबत मी गेले. कुणी पाठवलं नव्हतं, पण मला राहवेना. शहाद्याला गाडी बदलली. तळोद्यापर्यंत वहिनी खिडकीला नाक लावून बसली होती. मी तिला विचारलं, माझा राग आला का, खोटा भाऊ घातला म्हणून. ती म्हणाली, "आला होता. रात्रभर होता. मग वाटलं, तू तरी किती दिवस गाडी हाकणार?" आणि माझ्या हातावर चापट मारून परत बाहेर बघायला लागली. अक्कलकुवा गेलं तशी तिची चुळबुळ वाढली. कंडक्टरनं घंटी मारायच्या आधीच ती उठून दारात उभी.

तिच्या माहेरच्या फाट्यावर टपरीजवळ तिचा भाऊ चहा पीत बसलेला. त्यानं आम्हाला पाहिलं आणि ग्लास हातात तसाच घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मी सकाय येणारच व्हतू."

"हो का," वहिनी म्हणाली, आणि बॅग त्याच्या हातात दिली. "घे. आज धर."

आणि ती पुढे निघाली, इतक्या झपाझप की आम्ही दोघं मागे पडलो. तिच्या भावाच्या एका हातात बॅग, दुसऱ्यात अजूनही चहाचा ग्लास. गल्लीचं वळण आलं. घर अजून लांब होतं, दार नुसतं दिसत होतं. तिथूनच तिनं हाक मारली.

"माय वं! मी उनू!"

झाडावरचे पक्षी उडाले. पलीकडच्या गल्लीतून कुणी तरी डोकावून पाहिलं. मी जागीच उभी राहिले. आमच्या घरात ती इतकी वर्षं राहत होती, पण आम्ही तिचा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मला वाटायचं, वहिनीचा आवाज मुळातच बारीक आहे.